हँडब्रेक, घरच्या घरी

३ मे, शनिवार

रश्मीची ऑर्डर आली. मुख्याध्यापिका. शाळा तळा गावाच्या पुढे, डोंगराच्या अंगावर. सोळा जूनला हजर व्हायचं. माणगावहून तिकडे जाणारी एसटी शाळा भरल्यावर पोचते आणि शाळा सुटायच्या आत परत निघते. वेळापत्रक करणाऱ्याला मुलं नसावीत.

जागा बावीस वर्षं शिकवल्यावर मिळालीय, तेव्हा नाही म्हणणार नाही, असं तिने चहा गाळता गाळताच सांगितलं. उरले दोन मार्ग. तळ्याला खोली घेऊन आठवडाभर तिथे राहायचं आणि रविवारी घरी यायचं. किंवा आपली गाडी चालवत रोज जायचं-यायचं. शिकाऊ लायसन तिच्याकडे आहे. पक्क्याची टेस्ट पाच जूनला.

तिने खोली घेतली तर मला काडीचा फरक पडत नाही. भात मला येतो. वरण ही काही शिकण्यासारखी गोष्ट नाही.

रोज मीच सोडावं, अशी सूचना शेजारच्या कोकिळावहिनींनी कुंपणावरून केली. स्वेच्छानिवृत्ती घेतलेला माणूस म्हणजे रिकामा माणूस, हा या गावचा समज. ज्याने कंपनीचं अख्खं स्टोअर एकहाती सांभाळलं, तो बायकोचा ड्रायव्हर होणार नाही. विषय संपला.

तेव्हा गाडीच. अडचण एकच. हँडब्रेक धरत नाही, आणि टेस्टला गाडी चढावर थांबवून हँडब्रेकवर उचलायला लावतात. शाळाही चढावरच. रश्मी म्हणाली, विनेशच्या गॅरेजला टाकू, तासाभराचं काम आहे. मी नुसता हसलो.

संकल्प: हँडब्रेक मी स्वतः, घरी, शास्त्रशुद्ध करणार.

४ मे, रविवार

निदान. चांगला हँडब्रेक वर ओढताना पाच-सहा वेळा टक-टक वाजतो आणि गाडी धरतो. आमचा कोपरापर्यंत वर येतो, वाजतो भरपूर, आणि गाडी स्वतःच्या मताने चालू पडते. गिअरमध्ये ठेवली तरी उतारावर वीत-वीत सरकते. इंजिन मुरलंय.

कारण मला पाठ आहे. मी थळला नोकरीला होतो तेव्हा गाडी समुद्राच्या तोंडावर उभी असायची. खारा वारा. मागच्या चाकांकडे जाणारी केबल गंजली. सकाळी विनेश बाइकवरून जाताना थांबला होता. कानात गाणी ऐकायची ती दोन पांढरी बोंडं. त्याला नुसतं लक्षण सांगितलं तर म्हणतो, 'काका, केबल बदला, लायनर बदला.' याचं सगळं ज्ञान म्हणजे बदला. वस्तू बदलणं ही दुरुस्ती नव्हे, खरेदी आहे.

मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. पोरगा हातमोजे घालून पाना धरतो. पाना धरायची पद्धतच चूक. बंद केला.

५ मे, सोमवार

दोन सीटच्या मधलं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं. क्लिपा तुटल्या, पण त्या तुटणारच होत्या. आत केबल ताणायचा नट. कसला. चांगला कसला. आता तिसऱ्या टकला गाडी गच्च. एकूण काम: एक चहा होईपर्यंत. विनेशचा तास आठवून पुन्हा हसलो.

रश्मीने विचारलं, झालं का? झालं म्हणून सांगितलं. ती लगेच सराव करू म्हणाली. उतावळेपणा. धातूला बसायला वेळ द्यावा लागतो.

७ मे, बुधवार

इंदापूरपर्यंत ट्रायल. रश्मी चालवत होती. गाडी ओढत नाही, असं तिचं म्हणणं. तुला गिअर कळत नाही, असं माझं. मग वास आला. रश्मीने ओढणी नाकाला लावली. मागचं चाक तापलंय का ते मी बोट लावून पाहिलं. बोटाला फोड.

दोष कसण्याचा नाही. इतक्या वर्षांत ब्रेक लागायची सवयच गेलेल्या लायनरचा आहे. नट परत सैल केला. हँडब्रेक पुन्हा कोपरापर्यंत. म्हणजे मूळ स्थिती अचूक साधली. हेही सोपं नसतं.

१० मे, शनिवार

मागची दोन्ही चाकं काढली. आता ब्रेकचे ड्रम. गंजून चिकटलेले. रॉकेल, हातोडा, पुन्हा रॉकेल. कोकिळावहिनींच्या नातवाची झोपमोड झाली, असा निरोप आला. पोरांना आवाजाची सवय हवी.

ड्रम निघाले. आत ड्रमला घासून चाक धरणारे लायनर, स्प्रिंगा, लहान-मोठे खटके. सामान्य माणूस एकच बाजू उघडतो आणि दुसरी बघून जोडतो. ही नक्कल झाली. मी दोन्ही बाजू एकदम उघडल्या. माणसाने समजून जोडावं.

सगळे भाग पेपरवर मांडले. जेवायला गेलो. रश्मीने अंगण झाडलं. पेपर उचलून कडेला ठेवला म्हणते. 'कडेला' म्हणजे गुंडाळून.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. विहारात गेलो. खीर चांगली होती, वेलची जास्त. रश्मीचा सत्कार केला मंडळाने, डोंगरावरच्या शाळेत आपली बाई मोठी बाई होऊन चालली म्हणून. दोन शब्द बोल म्हणाले तर बोलली नाही. खाली बसल्यावर डोळे पुसले. घरी येताना रिक्षात म्हणाली, हे पद सोडावं लागलं तर मला कुणाला तोंड दाखवता येणार नाही.

रिक्षात, कारण गाडी चार विटांवर आहे. तिला सांगितलं, विटा मजबूत आहेत.

१४ मे, बुधवार

जोडणी पूर्ण. एक स्प्रिंग उरली. कंपन्या जास्तीच्या स्प्रिंगा घालतात, हे स्टोअरमध्ये राहून मला ठाऊक आहे. सुटे भाग खपवायचे धंदे.

गंजाचा बंदोबस्त मात्र कायमचा करायला हवा. बाजारातल्या स्प्रेवर माझा विश्वास नाही. कोळी लोक पिढ्यान् पिढ्या खाऱ्या पाण्यात होड्या ठेवतात. त्यांना स्प्रे लागतो का?

१७ मे, शनिवार

थळला जाऊन आलो, एसटीने. दिपेशला भेटलो. जुना दोस्त, बापाच्या वेळची लाकडी होडी अजून ठेवलीय. होडीला बाहेरून माशाचं तेल चोपडतात. लाकूड टिकतं, खिळे गंजत नाहीत. वर्षानुवर्षांचा अनुभव. प्रयोगशाळा काय करेल?

दिपेशने डबा भरून दिला. कशाला पाहिजे विचारलं. ब्रेकला, म्हटलं. मग म्हणाला, 'विवेक, होडीला ब्रेक नसतो रे.' कोळी माणसं चांगली, पण यंत्राची बाजू कच्ची.

एसटीत सीट रिकाम्या असून माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. हल्ली लोक तुटक झालेत.

१८ मे, रविवार

ड्रम पुन्हा उघडले. केबल, स्प्रिंगा, खटके, लायनर, ड्रमची आतली बाजू, सगळीकडे तेल. जिथे हात पोचत नव्हता तिथे कोंबडीचं पीस वापरलं. चाकं बसवली. विटा काढल्या. हँडब्रेक आता लोण्यासारखा ओढला जातो. आवाजसुद्धा मऊ.

रश्मीला बोलावून दाखवलं. ती दारातूनच बरं म्हणाली. बाहेर ये म्हटलं तर आली नाही.

१९ मे, सोमवार

सकाळी गाडीखाली मांजरं. मच्छी मार्केटकडची असावीत, आमच्या आळीतली एवढी नाहीत. मागची चाकं चाटत होती. हाकलली. चहा घेऊन आलो तर परत. एक बोका ड्रायव्हरच्या सीटवर. काच खाली ठेवली होती. रश्मीने. वास जावा म्हणून.

कोकिळावहिनींनी कुंपणावरून विचारलं, 'भावजी, सुकट आणलंत व्हय? आम्हाला पण अर्धा किलो द्या.' बोक्याला पुन्हा हाकललं.

चिवट वास म्हणजे तेल धातूत मुरल्याची खूण. उत्तम.

२१ मे, बुधवार

सरावाचा दिवस. आमच्या घरासमोरचा चढ टेस्टच्या चढापेक्षा तीव्र आहे. रश्मीला पद्धत समजावली: गाडी चढावर उभी कर, हँडब्रेक ओढ, पायाचा ब्रेक सोड, क्लच हळूहळू. तिने तंतोतंत तसंच केलं. पायाचा ब्रेक सोडला आणि गाडी मागे निघाली. सावकाश, तक्रार न करता, कोकिळावहिनींच्या खुराड्यात गेली.

कोंबड्या सुखरूप. एकीचं शेपूट थोडं विरळ झालं. आरडाओरडा मात्र माणूस गेल्यासारखा. खुराडं रस्त्याच्या रेषेत बांधायचंच कशाला, हा मूळ प्रश्न कोणी विचारला नाही.

मी रश्मीला म्हणालो, तुझं क्लचचं टायमिंग चुकलं. तिने इंजिन बंद केलं. चावी माझ्या हातात दिली.

'मला गाडी चालवता येते. तुमची गाडी थांबत नाही, त्याला मी काय करू?'

एवढंच बोलून आत गेली. 'तुमची गाडी' म्हणाली. इतकी वर्षं 'आपली' होती.

२३ मे, शुक्रवार

वहिनींचा निरोप: कोंबड्या अंडी देईनात. याचा हँडब्रेकशी संबंध सिद्ध करून दाखवावा, असं मी उलट कळवलं.

रश्मी तळ्याला खोली बघून आली. एसटीने गेली, एसटीने आली. खोलीला ओटा आहे, खिडकी आहे, मालकीण प्रेमळ आहे. हे सगळं मला न विचारता सांगितलं. मी पेपर वाचत होतो. खिडकी पश्चिमेला असेल तर दुपारी तापेल, एवढं म्हणालो. 'पूर्वेला आहे,' म्हणाली.

रात्री भात केला. खाली लागला. गॅसचा दाब वाढलाय हल्ली.

२६ मे, सोमवार

पाऊस यंदा लवकर. अंगणात काम करता येणार नाही. वर प्लॅस्टिकचा कागद टाकून करता आलं असतं, पण कागदाखाली मांजरं आहेत.

पुनर्विचार. तेल लायनरला लावायला नको होतं, असा एक विचार येऊन गेला. तपासून बघता टिकला नाही. होडीचा अनुभव खोटा कसा असेल? तेल कमी पडलं, हे जास्त शक्य आहे.

२७ मे, मंगळवार

पावसाची उघडीप. तेलाचा दुसरा हात दिला.

२८ मे, बुधवार

हँडब्रेक आता दोन बोटांनी वर जातो आणि स्वतःहून खाली येतो. इतकी मोकळी यंत्रणा मी आयुष्यात पाहिली नाही.

२९ मे, गुरुवार

रश्मी सकाळी सकाळी बाहेर जाते. मैत्रिणीकडे, म्हणते. छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन. पायात बूट. चप्पल नाही, बूट. शिकवणाऱ्या बायकांच्या मैत्रीचं मला कधी कळलं नाही. सरावाचं विचारलं तर म्हणाली, तुमचं होऊ द्या आधी.

हा तिचा पहिला समंजस उद्गार. काम घाईने होत नसतं.

विनेश पुन्हा फाटकाशी. खोल श्वास घेतला आणि म्हणाला, 'काका, आज बांगडा का?' त्याला सांगितलं, बाजारातल्या मालावर जगणाऱ्यांना घरचं ज्ञान कळणार नाही. तो म्हणाला, 'खरंय काका, पण फोन करा कधीपण.' गेला. नंबर माझ्याकडे आहे. लावायचा प्रश्न नाही.

४ जून, बुधवार

उद्या टेस्ट. शेवटचा उपाय केला: लायनरला लाकडाची राख चोळली. राख तेल शोषते. घरात भांडी घासायला कुणी तरी वापरत होतं ना पूर्वी? मग. हँडब्रेक ओढून सपाट जागेवर गाडी तपासली. हलली नाही. शंभर टक्के यश.

रश्मीला सांगितलं, सकाळी नऊला तयार राहा, गाडी घेऊन मी स्वतः येतो. तिने मान हलवली. कुठल्या दिशेला, ते आत्ता आठवत नाही.

५ जून, गुरुवार

रश्मी लवकर निघून गेली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. घाबरली असणार. मी कर्तव्य म्हणून गाडी घेऊन आरटीओच्या कॅम्पला गेलो.

मैदानात पिवळा फलक लावलेली लाल गाडी. किशोरी मोटार ट्रेनिंग. ड्रायव्हरच्या सीटवर रश्मी. शेजारी किशोरी नावाची बाई, काळा चष्मा, विद्यार्थिनीशी अशी बोलत होती की जणू गाडी चालवणं हा गमतीचा विषय आहे. रोजची सकाळची मैत्रीण ती हीच.

साहेबांनी मागच्या चढावर गाडी थांबवायला लावली. रश्मीने हँडब्रेक ओढला. गाडी थांबली. पाय काढला. गाडी थांबलेलीच. पुन्हा उचलली, एक इंच मागे नाही. साहेबांनी मान हलवली. पास.

मी बघत होतो. हात आपोआप वर गेला, टाळी वाजवायला. मग लोकांकडे बघून केस सारखे केले.

दुसऱ्याच्या गाडीवर पास होणं म्हणजे भाड्याच्या कपड्यांत फोटो काढणं. पण पद्धत मी शिकवलेलीच होती, तंतोतंत. पाया माझा.

येताना ती किशोरीबाईंच्या गाडीतून आली. आमच्या गाडीत बसली असती, पण मागच्या सीटवर बोका होता.

८ जून, रविवार

लायसन मोबाइलवर आलं. रश्मीने फोटो थाळीएवढा मोठा करून पाहिला. फोटो बरा आलाय. मी म्हणालो, उजेड चुकला.

जेवताना मी विषय काढला. खोलीचं काय ठरलं? माझं काही म्हणणं नाही, पूर्वेची खिडकी वगैरे. ती म्हणाली, खोलीच्या मालकिणीला नको म्हणून कळवलं. रोज जाणार, गाडीने. मी वरण दुसऱ्यांदा घेतलं. काही विशेष कारण नाही, भूक होती.

मग म्हणालो, हँडब्रेक सोळापर्यंत नक्की करतो.

तिने हात धुतले, पुसले आणि समोर बसली.

'अहो, सव्वा महिना मी या घरात हँडब्रेकबरोबर राहिले. आता ऐका. विनेशला फोन करायचा तर तुम्हीच करायचा. मी करणार नाही, गाडीही मी नेणार नाही. आणि फोन होईपर्यंत गाडी डोंगरावर उभी असताना आत बसायला माणूस लागेल.'

माणूस कोण, हे विचारायची गरज नव्हती. घरात दोघंच आहोत.

मी तत्काळ ठरवलं. विनेशला फोन करणार नाही.

१३ जून, शुक्रवार

प्रगती: राख आणि तेल मिळून ड्रमच्या आत एक घट्ट लेप झालाय. वैज्ञानिकदृष्ट्या अभ्यास करण्यासारखा. अभ्यासाला वेळ हवा.

१५ जून, रविवार

उद्या शाळा. रश्मीने साडी इस्त्री केली. मी बूट पॉलिश केले, दोघांचे. टायर, पाणी, ऑइल, काचा, सगळं तपासलं. पुढच्या चाकांचा पायाचा ब्रेक खणखणीत आहे, हे विसरू नये. गाडीत दोष म्हणाल तर एकच, आणि तोसुद्धा उभी असतानाच.

१६ जून, सोमवार. शाळेच्या आवारात, गाडीत

रश्मीने छान चालवली. छान म्हणजे बरी. वळणावर हॉर्न जास्त वाजवते. एसटीला बाजू दिली आणि एसटीच्या ड्रायव्हरने हात केला. तिने पण केला. ओळख ना पाळख.

शाळेला सपाट जागा एकच आहे आणि तिथे मुलं प्रार्थनेला उभी राहतात. गाडी त्याच्या वरच्या चढावर लावावी लागते. तिने गाडी लावली, मी उतरून ड्रायव्हरच्या बाजूला गेलो, तिने पेडलवरचा पाय काढायच्या आत मी माझा ठेवला. ही अदलाबदल अवघड असते. खाली साठ-सत्तर मुलं रांगेत, त्यांच्याकडे गाडीची मागची बाजू. अशा जागी मी असणं किती आवश्यक आहे, हे सांगायला नको.

एक शिक्षक धावत दगड घेऊन आले, चाकामागे लावायला. मी नको म्हणालो. दगड लावला की माणूस यंत्रापुढे हरला. शिवाय उतार गाडीचा, जबाबदारी माझी. ते दगड हातात धरून थोडा वेळ उभे राहिले, मग शेजारच्या झाडाला टेकवून गेले.

स्वागत झालं. गुलाबाचं फूल, टाळ्या. रश्मीने भाषण केलं, या वेळी केलं. शब्द नीट ऐकू आले नाहीत, वारा उलटा होता. पलीकडची काच खाली करायला वाकलो तर पेडल सुटतं. मुलं हसली दोनदा, म्हणजे बरं झालं असणार. आरशातून पाहिलं. आरशात ती लहान दिसत होती, पण सरळ उभी होती.

अकराच्या सुमारास उजवा पाय बधिर. डावा पाय ठेवून पाहिला. बदलताना गाडी वीतभर मागे गेली. कोणाच्या लक्षात आलं नाही.

फोनला रेंज आहे. दोन दांड्या. हात दोन्ही मोकळे आहेत. विनेशचा नंबर आहे. प्रश्न रेंजचा नाही, तत्त्वाचा आहे.

मधल्या सुट्टीत पोषण आहाराची खिचडी करणारी बाई ताटली घेऊन वर आली. सगुणाताई म्हणतात तिला. खिडकीतून ताटली आत दिली. 'बाई बोलल्या, तुम्हाला उतरता येत न्हाय, म्हणून हितंच आणली.'

तिला सांगितलं, उतरता येतं. तांत्रिक कारणाने उतरत नाही. ती बरं म्हणाली. खिचडी गरम होती. मीठ किंचित कमी, पण ते बोललो नाही.

मी खात असताना ती खिडकीला हात टेकून उभी राहिली. गाडीचा वास तिला आला असणार, पण चेहरा हलला नाही. मग विचारलं, 'दादा, उद्यापण येनार का बसायला? म्हंजे मी तांदूळ त्या हिशोबाने भिजवीन.'

मी फोनकडे पाहिलं. पेडलकडे पाहिलं.

एक मूठ जास्त घाला, म्हटलं.